मातीला न पोचलेली सून

कल्याणी बनसोड भांडखोर बाई नाही, हे तिची आई रंभाबाई आजही नागपुरात कुणालाही छातीठोकपणे सांगते. "लहानपणापासून मुकीच होती ते. कोनी पेन्सिल नेली तं वापस मांगे नाही." ते खरंही आहे. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर, आई घरी मशीनवर ब्लाउज शिवणारी. कल्याणीनं इंजिनिअरिंग केलं, पुण्यात चार वर्षं नोकरी केली आणि २०१३ साली वर्क व्हिसावर इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला आली, ती सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून. कागदावर काय लिहिलंय आणि यंत्र प्रत्यक्षात काय करतंय, यांत कुठे फरक पडतो ते शोधायचं आणि दाखवून द्यायचं, हे तिचं काम. ती ते आवाज न चढवता करायची. तीच चूक दहा वेळा, त्याच सुरात, इतक्या शांतपणे दाखवायची की समोरचा इंजिनिअर शेवटी थकून म्हणायचा, "ओके, कल्याणी, यू विन."

नवरा तिला लंडनमध्ये भेटला, आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात. २०१५ ची गोष्ट. हॉलच्या मागच्या रांगेत एक सावळा, दाट मिशांचा माणूस एकटाच बसला होता. तिला वाटलं, वर्ध्या-भंडाऱ्याकडचा असेल. चहाच्या टेबलापाशी त्यानं "जय बीम" म्हटलं तेव्हा कळलं की हा आपल्याकडचा नाही. तो हंगेरीचा. नाव बेला. जातीनं रोमा, म्हणजे ज्यांना युरोपभर जिप्सी म्हणून हिणवतात ते. त्यांच्या भागातल्या काही रोमा पोरांनी बाबासाहेबांची पुस्तकं वाचली होती, तिथे त्यांच्या नावानं एक शाळाही चालते, हे त्यानं सांगितलं तेव्हा कल्याणीच्या हातातला चहा गार झाला.

बेला रेडिंगला बस चालवायचा. दोन वर्षांनी त्यांनी ब्रॅकनेलच्या कौन्सिलमध्ये लग्न केलं आणि त्याच आठवड्यात मित्रमंडळींच्या समोर त्रिसरण-पंचशील घेऊन दुसऱ्यांदा केलं. रंभाबाईंना फोनवर नवऱ्या मुलाचं नाव कळवलं. मग त्या म्हणाल्या, "बेला? अवं, हे तं बाईचं नाव होय!"

बेलाची आई इर्मा. मिश्कोल्त्स शहराजवळच्या एका गावात, रोमा वस्तीच्या टोकाला तिचं दोन खोल्यांचं घर होतं. पोलादाच्या कारखान्यात ती झाडूकाम करायची. कारखाना बंद पडल्यावर शहरात जाऊन लोकांची घरं साफ करू लागली. कल्याणीला हंगेरियन येत नव्हतं, इर्माला इंग्रजी. पहिल्याच भेटीत इर्मानं सुनेला चुलीसमोर बसवलं, स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "नाख." कल्याणी म्हणाली, "नाक." मग इर्मानं कान पकडला, "कान." कल्याणी उडालीच. दात, जीभ, पाणी असं करत त्या दोघी हसत सुटल्या, आणि बेला दारात उभा राहून बघत राहिला. हजारएक वर्षांपूर्वी भारतातून निघालेल्या रोमा लोकांच्या जुन्या भाषेतले तेवढेच शब्द इर्माला तिच्या आजीकडून आले होते. ते आपल्याला कुठे उपयोगी पडतील असं तिला कधी वाटलं नव्हतं. त्यानंतर दर रविवारी दोघी व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बसायच्या. इर्मा तव्यावर जाड पोळी टाकायची, इकडे कल्याणी भाकरी. बोलणं असं फारसं नसायचंच.

२०२० च्या त्या वर्षात उन्हाळ्यात जायचं ठरलं होतं, ते करोनानं बुडालं. मग एक सप्टेंबरला हंगेरीनं सीमाच बंद केल्या. परदेशी माणसाला प्रवेश नाही. बेलानं बातमी वाचून दाखवली, आणि कल्याणीनं सवयीप्रमाणे मूळ नियम उघडला. त्यात अपवाद होता. हंगेरियन नागरिकाचा परदेशी कुटुंबीय हा हंगेरियन नागरिकासारखाच धरला जाईल. आल्यावर क्वारंटाइन, पण प्रवेशाला आडकाठी नाही.

"म्हणजे माझं काही अडत नाही," ती म्हणाली.

पाच दिवसांनी, रविवारी सकाळी, हिवाळ्यासाठी टोमॅटो उकळता उकळता इर्मा चुलीपाशी कोसळली. दुपारी इस्पितळात वारली. रविवारच्या कॉलची वेळ झाली तेव्हा फोन बेलाच्या चुलत बहिणीनं केला होता.

माती शुक्रवारी ठरली. बेला सुन्न होता, म्हणून कागदपत्रांचं कल्याणीनं बघितलं. क्वारंटाइनमधून अंत्यविधीपुरतं बाहेर पडायची परवानगी हंगेरीच्या पोलिसांकडून ऑनलाइन मागावी लागत होती. सोमवारी अर्ज केला, मंगळवारी संध्याकाळी उत्तर आलं. त्यात दोन नावं होती, दोन जन्मतारखा होत्या. बेला आणि कल्याणी. तिनं ते छापलं. लग्नाचा दाखला, तिचं युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयाचं कार्ड, ज्याच्यावर ती याआधी दोनदा व्हिसाशिवाय जाऊन आली होती, आणि तो नियम, हंगेरियन आणि इंग्रजी दोन्हींत, हेही सोबत घेतलं. बॅगेत पांढरी साडी ठेवली.

बुधवारी सकाळी ते लंडनजवळच्या लूटन विमानतळावर पोचले. रांग लांब नव्हती. जमिनीवर दोन-दोन मीटरवर पिवळे गोल चिकटवलेले. काउंटरवर मास्क लावलेली एक तरुण मुलगी होती, आपल्याकडचीच वाटावी अशी. हातांवर मेंदीचा फिका पडलेला रंग होता. कल्याणीला उगाच धीर वाटला.

मुलीनं बेलाचा पासपोर्ट बघितला, मान हलवली. कल्याणीचा निळा पासपोर्ट उघडला आणि थांबली.

"सॉरी, मॅम. हंगेरी बंद आहे."

"माहीत आहे. पण मी हंगेरियन नागरिकाची बायको आहे. हा नवरा, हा दाखला, हा नियम."

मुलीनं कागदांना हात लावला नाही. स्क्रीनकडे बघत म्हणाली, "सिस्टीम नॉन-ईयू पासपोर्टला नो दाखवते."

"सिस्टीमला मी कुणाची बायको आहे ते विचारलं का तुम्ही?"

मुलीनं सुपरवायझरला बोलावलं. तो आला. उंच, गोरा, गळ्यात ओळखपत्राचा लाल पट्टा. त्यानं काउंटरवर एक प्लास्टिकमध्ये घातलेला कागद ठेवला, देशांच्या नावांची यादी होती ती, आणि हंगेरीच्या ओळीवर बोट टेकवलं. "फक्त नागरिक आणि तिथले रहिवासी. तुम्ही दोन्ही नाही."

कल्याणीची नजर कागदाच्या वरच्या कोपऱ्यात गेली. "ही यादी जुलैची आहे."

"काय?"

"वर तारीख आहे. चौदा जुलै. सीमा बंद झाली एक सप्टेंबरला. ज्या नियमावरून तुम्ही मला अडवताय, तो या यादीत असूच शकत नाही."

त्या माणसानं कागदाकडे बघितलं. आणि मग त्यानं जे केलं ते कल्याणी जन्मभर विसरणार नाही. त्यानं तो कागद उचलला आणि पालथा ठेवला.

"मॅडम, निर्णय आमचा असतो," तो म्हणाला.

तिनं पोलिसांचं पत्र पुढे केलं. "हे तिथल्या पोलिसांचं आहे. ज्यांची सीमा आहे त्यांचं. यात माझं नाव आहे, सासूच्या मातीला जायची परवानगी आहे."

"हे हंगेरियनमध्ये आहे. मला वाचता येत नाही."

"माझा नवरा वाचून दाखवेल."

"प्रवाशानं केलेलं भाषांतर आम्ही धरत नाही."

"मग तुमच्याकडे हंगेरियन येणारं कोण आहे? रोज विमानं जातात ना तिकडे तुमची?"

मागून कुणीतरी पुरुष म्हणाला, "कम ऑन, लव्ह. आम्हालाही जायचंय." दुसरा म्हणाला, "निघायच्या आधी नियम वाचावेत माणसानं."

नियम वाचावेत! कल्याणी गर्रकन वळली. तिच्या हातात नियम होता, दोन भाषांत, महत्त्वाच्या ओळीखाली रेघ मारलेला. त्या अख्ख्या हॉलमध्ये तो वाचलेली ती एकटी होती. तिचा आवाज चढला. तिला स्वतःलाच तो परका वाटला. "तुम्ही वाचलाय? कुणी वाचलाय इथे? हात वर करा!"

सुपरवायझर म्हणाला, "आवाज खाली करा, नाहीतर सिक्युरिटीला बोलवावं लागेल."

आणि या सगळ्या वेळात बेला गप्प होता. ती त्याच्याकडे वळली. तो काउंटरपासून अर्धं पाऊल मागे उभा होता. दोन्ही हात समोर, पंजे उघडे, जणू कुणी तपासायला सांगितलं होतं. नजर जमिनीवरच्या पिवळ्या गोलाकडे.

"बेला, तू बोल ना काहीतरी! तुझा देश आहे. तुझी आई आहे!"

त्यानं तिच्या कोपराला हात लावला. "सोड, काली," तो हळूच म्हणाला. तो तिला काली म्हणायचा. "असं नाही मिळत."

काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती. तिनं त्याचा हात झटकला. मग त्याचा चेहरा बघितला, आणि त्याच्या बॅगेच्या पट्ट्याला धरून त्याला पुढे ढकललं. "तू जा. एकानं तरी पोचलं पाहिजे. जा!"

तो गेला.

कल्याणी तिथेच एका खांबाला टेकून जमिनीवर बसली आणि हंगेरीच्या दूतावासाचा नंबर फिरवायला लागली. पाचव्यांदा कुणीतरी उचलला. पलीकडचा माणूस शांत होता. त्यानं दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, "तुम्ही आमच्या नागरिकासारख्याच आहात. तुम्हाला कुणी अडवलं? तिथल्या माणसाला फोन द्या, मी बोलतो."

ती धावत सुटली. काउंटर रिकामा होता. मेंदीवाली मुलगी नव्हती, लाल पट्टा नव्हता, पालथा घातलेला कागदही नव्हता. शेजारच्या काउंटरवरची बाई म्हणाली, "फ्लाइट क्लोज झाली." कल्याणीनं फोन तिच्यासमोर धरला. "तुम्ही यांच्याशी बोला. फक्त बोला!" बाईनं दोन्ही हात वर केले. फोनमधला माणूस "हॅलो? हॅलो?" करत राहिला.

केंब्रिजहून निवेदिता तिला न्यायला आली. निवेदिता तिची नागपूरची कॉलेजमैत्रीण, तिथे प्रयोगशाळेत काम करणारी. गाडीत तिनं पाण्याची बाटली कल्याणीच्या हातात दिली. मग म्हणाली, "अगं, रड तरी."

"रडू येत नाहीये," कल्याणी म्हणाली. "मला त्याचा गळा धरावासा वाटतोय."

"त्या सुपरवायझरचा?"

"सगळ्यांचा. बेलाचापण."

गुरुवारचं विमान रद्द होतं. नंतरचं शनिवारी. शुक्रवारी दुपारी कल्याणी पांढरी साडी नेसून ब्रॅकनेलच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात उभी राहिली. फोन तिनं पिठाच्या डब्याला टेकवला होता. तिकडे बेलाच्या चुलत बहिणीनं आपला फोन उंच धरला होता, पण त्यात बहुतेक वेळ आभाळ दिसत होतं, नाहीतर कुणाचा तरी काळा कोट. व्हायोलिन वाजत होतं. मधेच बेलाचा खांदा दिसला. त्याच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी होती. सुनेची जागा, तिनं ओळखलं. गावानं ती मोकळी सोडली होती. पेटी खाली सोडायला दोर ताणले, आणि चित्र थिजलं. एक गोल फिरत राहिला. कल्याणीनं मोठ्यानं त्रिसरण म्हटलं, थिजलेल्या चित्रासमोर. शब्द संपले तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण ते म्हटलं नाही, ओरडलो.

शनिवारी ती पुन्हा लूटनला गेली, तीच कंपनी, तेच कागद. या वेळी निवेदिता बाहेर गाडीत थांबली होती, वेळ पडलीच तर म्हणून. काउंटरवर एक पोरगेलासा माणूस होता. त्यानं पासपोर्ट उघडला, कार्डाकडे एक नजर टाकली आणि बोर्डिंग पास छापला.

"बाकीचे कागद बघायचे नाहीत?" कल्याणीनं विचारलं.

"नाही. कार्ड आहे ना तुमच्याकडे."

"हेच कार्ड बुधवारीही होतं."

त्यानं खांदे उडवले. "वेगळी शिफ्ट असेल. हॅव अ गुड फ्लाइट."

वेगळी शिफ्ट. ती विमानात बसली आणि अडीच तास तिच्या कानात ते दोन शब्द घुमत राहिले. नियम बदलला नव्हता, कागद बदलला नव्हता, ती बदलली नव्हती. फक्त सासू आता जमिनीखाली होती. बुधवारी तिला अडवलं गेलं ते कुठल्या कायद्यानं नव्हे, एका माणसाला आपली चूक कबूल करायची नव्हती म्हणून. तिला वाटलं होतं, आत सोडलं की राग उतरेल. तो दुप्पट झाला होता.

बुडापेस्टच्या विमानतळावर पोलिसानं तिचे कागद नीट, एकेक करून वाचले. मान हलवली, शिक्का मारला, क्वारंटाइनचा हुकूम हातात दिला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "युअर लॉस, सॉरी." एवढंच. पाच मिनिटंही लागली नाहीत. ज्या दाराचं नाव सांगून तिला लूटनला रोखलं होतं, ते दार मुळात बंद नव्हतंच.

इर्माच्या घराच्या दारावर पोलिसांनी लाल कागद चिकटवला होता, क्वारंटाइनचा. बेलानं दार उघडलं. दोघांना त्या घरात दोन आठवडे काढायचे होते. चुलीवर अजून टोमॅटोचं मोठं पातेलं होतं, कुणी घासलं नव्हतं. कल्याणीनं साडी खोचली आणि आधी ते घासायला घेतलं. बेला मागे उभा होता.

"तू गप्प का राहिलास?" तिनं पातेल्याकडे बघतच विचारलं.

तो भिंतीला टेकला.

"मी एकटी भांडत होते. आई तुझी आणि भांडत होते मी. तू हात पुढे करून उभा होतास, चोरासारखा!"

बेला खुर्चीवर बसला. "मी नऊ वर्षांचा होतो," तो म्हणाला. "शहरातल्या पोहण्याच्या तलावावर गेलो होतो, मी आणि आई. माझ्या वाढदिवसाला. दारावरचा माणूस म्हणाला, तुमच्या लोकांना आत नाही. ती भांडली. तिकीट दाखवलं, पाटी वाचून दाखवली, पाटीवर तसं काही नव्हतं. त्यानं आणखी दोन माणसं बोलावली. त्यांनी तिला पायऱ्यांवरून ढकललं. मनगट मोडलं तिचं. घरी आल्यावर तिनं मला शिकवलं. खिडकीमागच्या माणसाशी बोलताना हात दिसतील असे ठेवायचे. आवाज खाली. नजर खाली. मग कधीकधी आत सोडतात. बुधवारी मला तिच्यापर्यंत पोचायचं होतं, काली. तिनं शिकवलं तेच केलं."

कल्याणीच्या हातातली घासणी थांबली. तिच्या वडिलांनी तिला याच्या नेमकं उलट शिकवलं होतं. कारखान्यात त्यांचा पाण्याचा पेला वेगळा ठेवणाऱ्या फोरमनसमोर ते तीन महिने रोज लेखी तक्रार घेऊन उभे राहिले होते. पेन्सिल परत न मागणाऱ्या पोरीला ते म्हणायचे, मागायला शीक, नाहीतर द्यायची सवय लागेल.

"आणि पोचलास का तू?" तिनं विचारलं.

"मी पोचलो."

"मी नाही पोचले."

तीन दिवस ते घरात कामापुरतं बोलले. शेजारणी फाटकावर जेवणाचे डबे ठेवून जायच्या. चौथ्या दिवशी बेलानं आईच्या कपाटातला रंगीत रुमाल काढून तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "तू भांडलीस हे तिला आवडलं असतं. नंतर ती मला रागावली असती, तुला नाही." कल्याणी तेव्हा रडली. पण रुमालावरून हात फिरवता फिरवताच म्हणाली, "मी त्यांना सोडणार नाही."

तिनं सोडलं नाही. ब्रॅकनेलला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात विमान कंपनीला पत्र गेलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. 'आपल्या भावनांची आम्ही कदर करतो,' आणि पुढे, 'गंतव्य देशाच्या अटींप्रमाणे आपली कागदपत्रं अपुरी होती.' सोबत पुढच्या प्रवासासाठी एक व्हाउचर. तिनं व्हाउचर परत पाठवलं आणि विचारलं, कोणतं कागदपत्र अपुरं होतं, त्याचं नाव लिहा. दुसऱ्या उत्तरात तीच वाक्यं होती, फक्त खालचं नाव वेगळं. तिनं तिसरं पत्र लिहिलं. चौथं. दूतावासाकडून तिनं लेखी खुलासा मिळवला की ती प्रवासाला पात्र होती. तो जोडून पाचवं पाठवलं. सातव्याला उत्तर आलं की हे प्रकरण आता बंद करण्यात येत आहे.

"बंद करण्यात येत आहे!" ती स्वयंपाकघरात ओरडली. "कोण करतंय? कर्तासुद्धा नाही वाक्याला!"

दीनानाथ काका जयंतीचे कार्यक्रम करणाऱ्या लंडनच्या मंडळातले वडीलधारे. त्यांनी एकदा कार्यक्रमानंतर तिला बाजूला घेतलं. "कल्याणी, धम्म काय सांगतो? क्रोध धरून ठेवणाऱ्याचाच हात पोळतो."

"काका, तुम्ही १९७२ साली इथे घर भाड्यानं मागायला गेलात आणि दारावरून परत पाठवलं, ती गोष्ट दर जयंतीला सांगता," ती म्हणाली. "तुमचा हात पोळत नाही का?"

दीनानाथ काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पोळतो. तू कोर्टात जा."

ती गेली. वकील न घेता, स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे लहान रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात. सुनावणी २०२१ च्या नोव्हेंबरात झाली, फोनवर. तिकडे कंपनीचा एक वकील, इकडे कल्याणी, समोर तिची फाइल, शेजारी बेला. न्यायाधीश एक बाई होती, आवाज वयस्कर, जरासा सर्दावलेला.

बाईनं वकिलाला विचारलं, "प्रवाशानं कोणती अट पूर्ण केली नव्हती?"

वकील म्हणाला, "मॅडम, कर्मचाऱ्यांनी त्या वेळच्या परिस्थितीत सद्‌हेतूनं..."

"मी हेतू विचारला नाही. अट विचारली. कोणती?"

फोनवर खरखर ऐकू येत राहिली. वकील कागद चाळत होता. चाळत राहिला. कल्याणीला त्या खरखरीत एक वर्ष दोन महिने ऐकू आले. शेवटी तो म्हणाला, "मला तशी विशिष्ट अट सापडत नाही."

निकाल तिच्या बाजूनं लागला. कंपनीनं भरपाई द्यावी. बाईनं विचारलं, आणखी काही म्हणायचं आहे का?

"मला माफी हवी आहे," कल्याणी म्हणाली. "लेखी. माझ्या सासूच्या नावासकट. इर्मा असं नाव होतं तिचं."

"मिस बनसोड, ते देववण्याचा अधिकार या कोर्टाला नाही," बाई म्हणाली, आणि मग, "आय ॲम सॉरी."

चेक आला. सोबत एक ओळही नव्हती. बेलाला वाटलं, आता तरी ही शांत होईल. तो म्हणाला, "तू जिंकलीस." कल्याणी म्हणाली, "काय जिंकले?" आईचा दगड त्या पैशांतून बसवायचा नाही, हे दोघांचं न बोलता ठरलं. तो त्यांनी आपल्या पगारातून बसवला. चेक निवेदिताच्या ओळखीच्या एका संस्थेला गेला, स्थलांतरितांना फुकट सल्ला देणाऱ्या.

महिन्याभरात आणखी एक गोष्ट घडली. डिसेंबरात फ्रान्सनं ब्रिटनमधून येणाऱ्यांना दार बंद केलं. ब्रॅकनेलजवळच्या मेडनहेडची आश्लेषा नावाची मुलगी, पुण्याची, बँकेत नोकरीला, तिचा नवरा फ्रेंच. तो आधीच तिकडे आजारी वडिलांपाशी होता. हिला जायचं होतं. नागरिकांच्या बायकांना सूट होती, व्हिसा होता, पण मंडळाच्या ग्रुपवर कल्याणीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, आणि आश्लेषानं तिची धास्ती घेतली होती. तिनं फोन केला.

"ताई, मला बोलायला जमत नाही हो. माझी वाचाच बसते अशा लोकांसमोर."

कल्याणीनं दिवसाची रजा टाकली आणि तिच्याबरोबर हीथ्रोला गेली. काउंटरवरच्या माणसानं आश्लेषाचा भारतीय पासपोर्ट उघडला आणि त्याचा हात थबकला. कल्याणीला तो थबकणारा हात ओळखीचा होता. ती दोरीच्या बाहेरून म्हणाली, "फ्रेंच नागरिकाची बायको आहे ती. तिच्या हातातला दुसरा कागद वाचा. वाचून झालं की बोला." आवाज चढलेला नव्हता. पण आजूबाजूचे तीन जण वळून बघायला लागले.

माणसानं कागद वाचला. ओठ हलवत, ओळ न् ओळ. मग बोर्डिंग पास छापला. चार मिनिटं लागली. आश्लेषानं दोरीवरूनच कल्याणीला मिठी मारली आणि पळाली.

कल्याणी घरी आली तेव्हा बेला ड्यूटीवरून परतला होता, युनिफॉर्म अजून अंगातच होता.

"गेली का ती?"

"गेली."

"मग चांगलं झालं की." त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिनं गाडीची किल्ली टेबलावर आपटली होती. "आता कशाला चिडलीस?"

"ती गेली म्हणून," कल्याणी म्हणाली. "चार मिनिटं, बेला. वाचायला चार मिनिटं लागतात."